आधी अक्षरे, मग यंत्र

आमच्या या किनाऱ्यावर जुनी वस्तू सहसा कुणी टाकून देत नाही. समई काळवंडली तर ती चिंचेने घासून पुन्हा देवापुढे येते, आणि मोडीत निघालेल्या होडीची फळीसुद्धा पुढे कुणाच्या तरी गोठ्याचे दार होते. याच न्यायाने रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या कितीतरी घरांत, वाचनालयांत, शाळांत आणि पतपेढ्यांत एक वस्तू अद्याप जपून ठेवलेली आढळते. तिच्यावर जुन्या लुगड्याचे आवरण असते, आवरणावर धूळ असते, आणि घरातील मुले तिच्याकडे एखाद्या पणजोबांकडे पाहावे तशी पाहतात. ही वस्तू म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणक होय.

कुणी म्हणेल, आज खिशातला टेलिफोन जेथे त्याच्या हजारपट काम करतो, तेथे या जुन्या धुडाच्या दुरुस्तीची उठाठेव कशाला? केवळ यंत्रापुरते बोलायचे तर हा प्रश्न रास्तच आहे. यंत्राला भंगाराच्या भावापलीकडे किंमत नाही. परंतु त्याच्या पोटात जी चकती आहे, तिच्यावर कुणाच्या वडिलांनी लिहिलेल्या आठवणी असतात, कुठे देवस्थानाच्या जमिनींची यादी असते, कुठे सहकारी सोसायटीच्या सभासदांचे जुने हिशेब असतात, आणि त्यांची दुसरी प्रत पुष्कळदा जगात कुठेही नसते. म्हणून आजचा विषय दिसायला यंत्राचा असला, तरी खरे म्हणजे तो अक्षरांचा आहे.

आमच्या परिचयाचे एक गुरुजी होते. मुरूडच्या बाजूच्या एका लहान गावी त्यांनी उभा जन्म शिक्षकी केली. निवृत्तीनंतर त्यांना एक नाद लागला. होडीच्या प्रत्येक भागाचे, जाळ्याच्या प्रत्येक जातीचे, भरती-ओहोटीच्या प्रत्येक अवस्थेचे कोळी लोकांच्या तोंडचे जे शब्द, ते गोळा करावयाचे. संध्याकाळी बंदरावर जाऊन म्हाताऱ्या तांडेलांपाशी बसावयाचे आणि रात्री घरी येऊन संगणकावर टिपून ठेवावयाचे. असे सहा-सात वर्षे चालले. गुरुजी गेले, संगणक झाकून ठेवला गेला, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांच्या चिरंजीवांनी तो सुरू करून पाहिला, तेव्हा पडद्यावर फ्लॉपी वाचता येत नसल्याचा संदेश आला. त्यांनी शहरातून एक कारागीर आणला. कारागिराने जुना ड्राइव्ह काढून त्याच जातीचा दुसरा बसवला. हा ड्राइव्ह उत्तम चालत होता. त्याने स्वतःजवळची फ्लॉपी झटकन वाचून दाखवली, पण गुरुजींच्या अकरा फ्लॉप्यांपैकी एकही वाचली गेली नाही. कारागिराने "चकत्या खराब झाल्या आहेत" असा निर्वाळा दिला आणि तो पैसे घेऊन निघून गेला. त्याचे निदान बरोबर होते की चूक, हे ठरवण्यापूर्वी चकती म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागेल.

चकतीवर लिहिणे म्हणजे लोहचुंबकाचे अतिसूक्ष्म ठसे उमटवणे. चकतीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो, आणि तिच्यावरून फिरणारे छोटे शीर्ष त्या थराच्या बारीक बारीक भागांना एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित करते. वाचताना तेच शीर्ष ती दिशा ओळखते. अशा चकत्या बसवलेले पहिले संगणकयंत्र अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे लवचीक चकत्या, म्हणजे फ्लॉप्या, आल्या. सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ सालची. तिची आमच्याकडे पुष्कळ काळ चाललेली जात ३६० किलोबाइटची. साडेतीन इंची कडक वेष्टनाची फ्लॉपी मागाहून आली आणि तिची रुळलेली जात १.४४ मेगाबाइटची.

ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच रेघ गोगलगाईच्या शंखासारखी आत आत जाते. संगणकाच्या चकतीवर तसे नसते. पाणी शांत असताना खडा टाकला तर जशी एकात एक वर्तुळे उठतात, तशी तिची रचना असते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला अशी ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. कोणता मजकूर कोणत्या तुकड्यात ठेवला आहे याची अनुक्रमणिका चकतीच्या आरंभी असते, आणि ती इतकी महत्त्वाची की तिच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तकातील पाने नाहीशी होत नाहीत. "चकती रिकामी दिसते" याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की अनुक्रमणिका वाचता येत नाही.

फ्लॉपीत शीर्ष चकतीला टेकून चालते. हार्ड डिस्कमध्ये ते टेकत नाही. चकती मिनिटाला ३,६०० किंवा त्याहून अधिक फेरे घेते, त्या वेगाने हवेचा एक पातळ पापुद्रा तयार होतो, आणि त्यावर शीर्ष तरंगत राहते. हे अंतर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. तेथे धुळीचा कण हा डोंगर ठरतो. म्हणून हार्ड डिस्कचे झाकण घरी उघडून "आत काय झाले आहे ते जरा पाहू" म्हणणे म्हणजे शस्त्रक्रिया अंगणात करण्यासारखे आहे. ते कधीही करू नये.

आता आमच्या किनाऱ्याचा विचार करू. घाटावरच्या कोरड्या हवेत जी चकती तीस वर्षे टिकते, ती येथे टिकेलच असे नाही. पहिला शत्रू खारा वारा. खिडकीच्या गजांचे जे होते तेच केबलींच्या टोकांचे होते. दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर जी पांढुरकी बुरशी चढते, तीच फ्लॉपीच्या चकतीवरही चढते. तिसरा शत्रू वीज. ती जाते, येते, मंद होते, एकदम उसळते, आणि जुन्या यंत्रांना हे धक्के सोसत नाहीत.

एका चौथ्या शत्रूविषयी लोक आम्हांला विचारतात, तो मात्र शत्रू नव्हे. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. "म्हणजे येथे जमिनीत चुंबकत्व जास्त असेल, त्याने फ्लॉप्या पुसल्या जात असतील?" असे एका गृहस्थांनी आम्हांला गंभीरपणे विचारले होते. तसे काही नाही. पृथ्वीचे चुंबकत्व येथे अर्ध्या गाउसच्याही आत आहे, आणि चकतीवरचा ठसा पुसायला त्याच्या शेकडोपट जोर लागतो. वेधशाळा येथे असण्याचे कारण नेमके उलटे आहे. त्या गोष्टीकडे आम्ही शेवटी येणार आहोत, कारण आजच्या विषयाचे सार तिच्यात आहे.

बिघाड शोधण्याचा पहिला नियम असा की, यंत्राला वीज देण्याच्या आधी डोळे आणि नाक वापरावे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या संगणकाचे बटण घाईने दाबू नये. तारा काढून, झाकण उघडून, उजेडात पाहावे. आत मुंग्यांचे किंवा पालीचे बिऱ्हाड आहे काय? मुख्य फलकावरील बॅटरीभोवती हिरवट-पांढरट पूड आहे काय? १९८० नंतरच्या दशकात आणि १९९० च्या सुमारास पुष्कळ फलकांवर पिंपाच्या आकाराची, पुन्हा भारित होणारी बॅटरी डाखलेली असे. ती म्हातारपणी फुटते, आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. विद्युतपुरवठ्याची पत्र्याची पेटी मात्र उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात काही काळ धक्का देण्याइतकी वीज साठून राहते.

दुसरा नियम असा की, बाहेरून आत जावे. आधी वीज, मग केबल, मग मांडणी, मग ड्राइव्ह, आणि सर्वांत शेवटी चकती. लोक नेमके उलट करतात. पडद्यावर चुकीचा संदेश आला की चकतीला दोष देतात. आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष चकतीच्या अलीकडेच कुठेतरी सापडला आहे.

वीज पाहताना ड्राइव्हकडे जाणाऱ्या चार तारा पाहाव्या. लाल तारेवर ५ व्होल्ट आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट असावयास हवेत, मधल्या दोन काळ्या तारा परतीच्या. हार्ड डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि विचार करणारा भाग ५ व्होल्टवर चालतो. म्हणून दिवा लागतो पण चकती फिरत नाही, असे दिसले तर पिवळी तार आधी तपासावी.

केबलीचे दुखणे या किनाऱ्यावर सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त. टोके गंजतात, संपर्क तुटतो. वीज बंद करून केबल हळूच काढावी आणि पुन्हा नीट बसवावी. एवढ्या घासण्यानेच धातूवरचा मळ सुटतो आणि कित्येक "मेलेले" ड्राइव्ह उठून बसतात. केबल उलटी बसली नाही ना, हेही पाहावे. तिच्या एका कडेला रंगीत रेघ असते, ती कड पहिल्या क्रमांकाच्या काडीकडे यावी. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा संगणक सुरू केल्यापासून अखंड जळत राहिला, तर केबल उलटी आहे असे बहुधा खुशाल समजावे. अशा वेळी फ्लॉपी आत घालू नये.

मांडणीचे दोष दोन प्रकारचे. एकाच केबलीवर दोन हार्ड डिस्क असतील तर एक थोरली आणि एक धाकटी, असे मागच्या बाजूच्या जम्परने ठरवावे लागते. दोघींनीही थोरलेपणा घेतला तर एका घरात दोन कर्त्या सासवा असल्यासारखा प्रकार होतो आणि दोघीही कामाला येत नाहीत. दुसरा दोष बॅटरीचा. संगणकाला आपल्या पोटातल्या हार्ड डिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, शीर्षे आणि तुकडे किती, हे एका लहान स्मृतीत जपून ठेवावे लागते, आणि ती स्मृती बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की यंत्र तारीख विसरते आणि त्याबरोबर हार्ड डिस्कही विसरते. मालकाला वाटते की डिस्क गेली, पण गेलेली असते ती केवळ आठवण. नवी बॅटरी घालून, डिस्कच्या पाठीवर छापलेले आकडे पाहून ते पुन्हा भरावे. आकडे अंदाजाने भरू नयेत, कारण चुकीच्या मापांनी एक अक्षर जरी लिहिले गेले तरी ते भलत्याच जागी जाऊन पडते. आणि एकदा आकडे मिळाले की ते कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावे. पुढच्या माणसावर तेवढे उपकार होतील.

एक अगदी बाळबोध कारणही सांगून ठेवतो. संगणक सुरू करताच ही चकती प्रणालीची नाही असा संदेश आला, तर ड्राइव्हमध्ये कुणाची तरी फ्लॉपी विसरून राहिलेली नाही ना, हे आधी पाहावे. या एका कारणासाठी पाच मैलांवरून माणूस बोलावल्याचे आम्ही पाहिले आहे.

आता ड्राइव्हकडे वळू. हार्ड डिस्कच्या बाबतीत कान हा मोठा वैद्य आहे. चालू होताना वाढत जाणारा एकसुरी आवाज आणि मग बारीक खुडबुड, हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. घड्याळासारखी ठरावीक टकटक होऊन फिरणे थांबत असेल, तर शीर्षाला आपली जागा सापडत नाही असे समजावे आणि वीज ताबडतोब बंद करावी. प्रत्येक नव्या प्रयत्नाला काही अक्षरे खर्ची पडत असतील. मुळीच आवाज नसेल आणि वीज पोचत असेल, तर शीर्ष चकतीला चिकटून बसले असण्याचा संभव आहे. लांब मुदतीच्या विश्रांतीनंतर जुन्या डिस्कना हे होते.

येथे एका घरगुती उपायाविषयी सावध करणे भाग आहे. बिघडलेली डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी, असे कुणीतरी सांगते. कोकणच्या हवेत थंड भांडे बाहेर काढले की त्यावर क्षणात दव धरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तसेच दव चकतीवर धरले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिला श्वास घेण्यासाठी गाळणी बसवलेले एक बारीक छिद्र असते, आणि त्यातून दमट हवा आत जातेच.

पाण्यात भिजलेल्या डिस्कविषयीही हेच धोरण असावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, घरांची छपरे उडाली आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचे पाणी शिरले. अशा प्रसंगी भिजलेला संगणक उन्हात वाळवून "चालतो का" म्हणून सुरू करण्याकडे माणसाचा कल होतो. तसे करू नये. पाणी वाळले की चिखल आणि मीठ चकतीवर चिकटून राहते. डिस्क तशीच ओलसर पिशवीत बंद करून, मजकूर वाचवण्याचेच काम जे करतात त्यांच्याकडे लवकर पोचवावी.

फ्लॉपीच्या बाबतीत आत घालण्यापूर्वी तिची चकती पाहावी. सव्वापाच इंची फ्लॉपी मधल्या कड्याला धरून हलकेच फिरवली की लांबट खिडकीतून सगळा पृष्ठभाग दिसतो. साडेतीन इंचीची पत्र्याची झडप सरकवून पाहावी. डाग किंवा बुरशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण ती बुरशी शीर्षाला लागते आणि पुढच्या दहा निरोगी फ्लॉप्यांवर ओरखडे पाडते. आधी ती साफ करावयास हवी, आणि शीर्षही आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावे. एका फसव्या दोषाचीही माहिती असू द्या. कधी कधी फ्लॉपी बदलली तरी पडद्यावर आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसते. फ्लॉपी बदलल्याची वर्दी देणारी तार काम करीत नसली म्हणजे हे घडते. अशा स्थितीत काही लिहिले, तर एका फ्लॉपीची अनुक्रमणिका दुसरीवर उमटते आणि दोन्हींचा घोटाळा होतो. म्हणून जुन्या फ्लॉपीची लिहिण्याची वाट आधी बंद करावी. सव्वापाच इंचीच्या कडेच्या खाचेवर कागद चिकटवावा, आणि साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवावी.

यावरून तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. आजारी चकतीवर काहीही लिहू नये. संगणकात "दुरुस्ती" करणारे जे कार्यक्रम असतात ते डिस्क तपासताना अनुक्रमणिका पुन्हा लिहितात. निरोगी डिस्कवर ते उपकारक आहेत, परंतु मरणासन्न डिस्कवर ते घातक ठरतात. आधी संपूर्ण चकतीची, तुकड्यामागून तुकडा, जशीच्या तशी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी, आणि जे काही प्रयोग करावयाचे ते त्या प्रतीवर करावे. आजच्या संगणकाला जुनी हार्ड डिस्क जोडण्याचे छोटे जोडसाधन मिळते, आणि जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम आधी सहज वाचता येणारे तुकडे उचलतो व कठीण तुकड्यांशी झगडा शेवटी करतो. आग लागलेल्या घरातून आधी हाताशी असलेली मुले बाहेर काढावी, कुलूपबंद पेटीशी झटापट मागाहून करावी, तसेच हे शहाणपण आहे.

आता गुरुजींच्या फ्लॉप्यांकडे परत जाऊ. कारागिराने बसवलेला ड्राइव्ह निर्दोष होता आणि तरीही चकत्या वाचल्या गेल्या नाहीत. याचे कारण असे की, फ्लॉपी ड्राइव्हचे शीर्ष वर्षानुवर्षांच्या वापराने किंचित सरकते. ते सरकले तरी त्या ड्राइव्हला स्वतःचे लिहिलेले स्वतःला वाचता येते, कारण लिहिणे आणि वाचणे दोन्ही सारखेच वाकडे असते. दुसऱ्या सरळ ड्राइव्हला मात्र ते अक्षर लागत नाही. म्हणजे गुरुजींचा जुना ड्राइव्ह वाकडा होता हे खरे, पण पेटीची तीच एक किल्ली होती. पहिल्या दिवशी तो वाचत नव्हता तो केवळ शीर्षावर बसलेल्या बुरशीमुळे.

ज्या दिवशी आम्हांला हा उलगडा झाला त्या दिवशी आम्ही चिरंजीवांना विचारले, "जुना ड्राइव्ह कुठे आहे?" ते म्हणाले, "भंगाराच्या ढिगात टाकला असेल." सुदैवाने भंगारवाला दोन महिन्यांत फिरकला नव्हता. पडवीतल्या फुटक्या बादलीखाली तो ड्राइव्ह सापडला. शीर्ष पुसले, पट्टा तपासला, आणि तो न सुधारता, त्याच्या वाकडेपणासकट, जसाच्या तसा बसवला. अकरांपैकी नऊ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. उरलेल्या दोघींवर बुरशीने थरच खाऊन टाकला होता. त्या दोहोंत काय होते हे चिठ्ठ्यांवरून कळते. एकीवर "वारे" असे लिहिले होते आणि दुसरीवर "जाळी, भाग २". ज्या तांडेलांनी ते शब्द सांगितले, त्यांपैकी आज कुणीही हयात नाही. संगणक दुरुस्त झाला, पण त्या दोन फ्लॉप्यांवरचे शब्द आता कुठल्याही दुकानात मिळावयाचे नाहीत.

नऊ फ्लॉप्यांतील मजकूर नव्या संगणकावर उघडला, तेव्हा चिरंजीवांचा पुन्हा धीर सुटला. कारण पडद्यावर मराठी नव्हते, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन सडा पडला होता. पुष्कळ लोक या टप्प्यावर फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी लिहिण्याच्या प्रत्येक कार्यक्रमाची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. ज्या फाँटात मजकूर लिहिला तो फाँट मिळाला की तोच सडा पुन्हा मराठी होतो, आणि मग त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेता येते. म्हणून जुन्या डिस्कवरून केवळ मजकूर उचलू नये, फाँटांच्या फाइलीही बरोबर घ्याव्या.

आता अलिबागची वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड झाले. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची. अशा रीतीने वेधशाळा मुंबईच्या कुलाब्याहून आमच्या कुलाबा जिल्ह्यात आली, कारण १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबाच होते. चुंबकीय गडबड नसलेली शांत जागा म्हणून अलिबागची निवड झाली, चुंबकत्व जास्त म्हणून नव्हे.

परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले, म्हणून कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद केले गेले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि एकमेकींशी ताडून पाहिल्या. विजेच्या ट्राम मुंबईत धावू लागल्या त्या १९०७ साली. म्हणजे जुने बिघडण्याच्या आधी, जुने धडधाकट असतानाच, नवे त्याच्याशी जुळवून घेतले गेले. म्हणूनच १८४१ पासूनची नोंदींची मालिका तुटली नाही, आणि जगातील अभ्यासक आजही ती एकसंध म्हणून वापरू शकतात.

गुरुजींच्या घरी आणि आपल्या बहुतेकांच्या घरी चुकते ते येथेच. नवे यंत्र आले की जुने त्याच दिवशी पडवीत जाते. त्यातले सगळे उतरले काय, उतरलेले उघडते काय, उघडलेले वाचता येते काय, हे कुणी ताडून पाहत नाही. पुढे दहा वर्षांनी गरज लागते तेव्हा ट्राम धावू लागलेली असते.

आमचे कोळी बांधव पहिल्या पावसाच्या आधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. घराघरांत आगोटीची तयारी होते, कौले चाळली जातात, लाकूडफाटा भरला जातो. त्या कामांत यंदा आणखी एका कामाची भर घाला. लुगड्याखालचा संगणक एकदा नीट पाहा, त्याला घाईने वीज देऊ नका, त्याचा कोणताही भाग टाकून देऊ नका, आणि त्याच्या पोटातली अक्षरे दोन ठिकाणी उतरवून, उघडून, वाचून, मूळ प्रतीशी ताडून पाहा. मृगाला अजून थोडे दिवस आहेत.